कितीही द्या, पण मोजून द्या

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें सहावी ते आठवीच्या वर्गांतच प्रोग्राम-लेखनाची ओळख करून द्यावी असें सुचविलें, आणि तेव्हांपासून या विषयाची चर्चा शाळेप्रमाणेंच घरोघरींही होऊं लागली आहे. पालकांच्या मनांत एक शंका वारंवार येते. या नव्या विद्येनें मुलांच्या बुद्धीस वळण लागतें, कीं केवळ त्यांच्या बोटांस सवय जडते? शंका रास्त आहे. तिचें उत्तर या विद्येची सरसकट स्तुति किंवा सरसकट निंदा करून देण्यापेक्षां तिच्यांतील एखादा लहानसाच विषय हातीं घ्यावा व तो नीट उलगडून पाहावा, हें आम्हांस अधिक श्रेयस्कर वाटतें. असा एक विषय म्हणजे कितीही किंमती स्वीकारणारें फंक्शन. विषय दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु स्वातंत्र्य व जबाबदारी यांचें नातें त्यांत जितकें स्पष्ट दिसतें, तितकें पाठ्यपुस्तकांतील दुसऱ्या कोणत्याही धड्यांत क्वचितच दिसत असेल.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊं. प्रोग्रामांतील ज्या भागास एक ठराविक काम नेमून दिलेलें असतें, व नांवानें हांक मारली असतां जो तें काम करून देतो, त्यास फंक्शन म्हणतात. काम करण्यासाठीं जें साहित्य त्याच्या स्वाधीन करावयाचें, त्यास आर्ग्युमेंट असें नांव आहे. वादविवादाशीं या शब्दाचा येथें संबंध नाहीं. 'फंक्शनला दिलेली किंमत' एवढाच त्याचा अर्थ घ्यावा, आणि पुढें आम्हीही 'किंमत' हाच शब्द वापरणार आहों. वर्गमूळ काढणाऱ्या फंक्शनला एक किंमत पुरते. घात काढणाऱ्यास दोन लागतात; एक पाया व दुसरा घातांक. यांतील एक विसरली, किंवा तिसरी अधिक दिली, तर आपलें लिखाण यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जो कंपायलर, तो तेथल्या तेथें हरकत घेतो. हें ठीकच आहे. परंतु सर्वच कामें अशीं मोजून मापून दिलेलीं नसतात.

याचा दाखला आपल्या बोलण्यांतच सांपडेल. 'देणें' या क्रियेस देणारा, घेणारा व दिलेली वस्तु अशीं तीन अंगें लागतातच; त्यांतील एक गाळलें कीं ऐकणारा लगेच विचारतो, कोणीं? कोणास? काय? उलट 'मिसळणें' या क्रियेस किती जिन्नस लागतात, हें कोणीं ठरवून ठेवलेलें नाहीं. भाजणींत पांच धान्यें पडोत कीं सात पडोत, क्रियापद तेंच राहतें. प्रोग्रामांतील फंक्शनेंही अशींच दोन प्रकारचीं असतात, आणि दुसऱ्या प्रकारचीं फंक्शनें भाषेंत असावींत, हें आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच कीं, एखादें काम खरोखर दुसऱ्या प्रकारांत मोडतें किंवा नाहीं, हें ओळखावयाचें कसें?

त्यासाठीं गणिताच्या तासाकडे वळावें. बेरीज दोन संख्यांची होते, तशीच दोनशें संख्यांचीही होते. आणि एकही संख्या दिली नाहीं तर बेरीज शून्य, हेंही कोणी सहज मान्य करील. गुणाकाराचेंही तसेंच आहे. मात्र एकही संख्या दिली नाहीं तर त्याचें उत्तर शून्य नव्हे, एक येतें, कारण कोणत्याही संख्येस एकानें गुणिलें असतां ती जशीच्या तशी राहते. जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं आरंभिलेल्या लिस्प भाषेंत चिन्ह आधीं व संख्या मागून लिहावयाची पद्धत आहे. त्यामुळें अधिकाच्या एका चिन्हापुढें हव्या तितक्या संख्या मांडतां येतात, आणि कॉमन लिस्प या तिच्या प्रमाणित रूपांत नुसत्या अधिकाचें उत्तर शून्य व नुसत्या गुणिलेचें उत्तर एक असेंच मिळतें. आतां 'सर्वांत मोठी संख्या कोणती?' हा प्रश्न घ्या. येथेंही संख्या कितीही असोत, पण निदान एक तरी हवीच. रिकाम्या यादींतील सर्वांत मोठी संख्या कोण सांगणार? पायथन भाषेंतील 'मॅक्स' या फंक्शनला रिकाम्या हातानें हांक मारली तर तें काम नाकारतें, तें याच कारणास्तव. भागाकार मात्र या पंक्तींत बसत नाहीं. त्यास भाज्य व भाजक असे दोनच लागतात, आणि त्यांची अदलाबदल केली तर उत्तरही बदलतें. म्हणजे 'कितीही चालतील' असें म्हणण्याचा अधिकार प्रत्येक क्रियेस नाहीं. ज्या क्रियेच्या स्वभावांतच तो आहे, तिलाच तो द्यावा. हें तारतम्य ज्या मुलास समजलें, त्यास प्रोग्राम-लेखनाबरोबर थोडें गणितही समजलें, असें आम्ही मानतों.

आतां हा अधिकार निरनिराळ्या भाषांनीं कसा वांटला, तें पाहूं. निकलाऊस विर्थ यांनीं १९७० सालीं प्रसिद्ध केलेली पास्कल भाषा शिस्तीबद्दल नांवाजलेली होती. प्रत्येक फंक्शनानें आपणांस किती व कोणत्या जातीच्या किंमती लागतात हें आधीं सांगावें, असा तिचा कडक नियम. परंतु मजकूर छापणारी तिची स्वतःची 'राइटलन' ही आज्ञा मात्र कितीही व निरनिराळ्या जातींच्या किंमती घेई. ही सवलत भाषेनें आपल्यापुरतीच राखून ठेविली होती; विर्थ यांच्या मूळ पास्कलमध्यें सामान्य लेखकास तसें फंक्शन रचतां येत नसे. त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं घडविलेल्या सी भाषेनें निराळा मार्ग धरिला. सी भाषेंत छापण्याचें काम करणारें 'प्रिंटएफ' हें भाषेचें अंग नव्हे. तें लायब्ररींत ठेवलेलें इतरांसारखेंच एक फंक्शन आहे. तें जसें कितीही किंमती घेतें, तसें घेणारें फंक्शन शाळेंतील विद्यार्थीही लिहूं शकतो. ही उदारता आम्हांस मनापासून आवडते. जेथें थोरांस एक नियम व लहानांस दुसरा नियम असतो, तेथें लहानांस नियमाची भीति वाटते, पण नियमाविषयीं आदर वाटत नाहीं.

परंतु औदार्याबरोबर हिशेबही ठेवावा लागतो, आणि सी भाषेंत तो ठेवण्याचें काम बव्हंशीं लेखकावरच सोंपविलेलें आहे. १९७८ सालीं ब्रायन कर्निहॅन व डेनिस रिची यांचें सी भाषेवरील प्रसिद्ध पुस्तक निघालें, तेव्हां सीचा कंपायलर कोणत्याच फंक्शनला दिलेल्या किंमतींची संख्या व जात पडताळून पाहत नसे. तें काम लिंट नांवाच्या निराळ्या तपासनीस-प्रोग्रामाकडे होतें. पुढें १९८९ च्या अमेरिकन प्रमाणानें फंक्शनचा नमुना आधीं जाहीर करण्याची पद्धत घालून दिली, आणि जेथें संख्या मोकळी ठेवावयाची तेथें तीन टिंबें द्यावीं, असें ठरविलें. त्या तीन टिंबांनीं लेखक कंपायलरास जणूं सांगत असतो, 'येथून पुढें तूं मोजूं नकोस. मोजण्याचें मी पाहून घेईन.' हें वचन मोठें आहे, आणि तें किती मोठें आहे हें न समजतांच बहुतेक मुलें सी भाषेच्या पहिल्या दिवसापासून प्रिंटएफ लिहूं लागतात.

त्या टिंबांमागें काय घडतें, हें समजण्यास पंगतीचें उदाहरण घेऊं. पंगत बसली आहे व यजमान प्रत्येकास काय हवें तें विचारीत चालला आहे. मात्र त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली आहे. ज्या पाहुण्याचें नांव त्यास ठाऊक आहे, त्याच्या शेजारीं त्यास उभें केलें. सी भाषेंत हें काम 'व्हीए-स्टार्ट' करतें. मग एक एक पाऊल टाकीत तो पुढच्या पाहुण्यास विचारतो व उत्तर टिपून घेतो. हें 'व्हीए-आर्ग'चें काम. शेवटीं आवराआवर करावयाची, ती 'व्हीए-एंड'नें. अगदीं आरंभीं एक तरी ओळखीचा पाहुणा असावा, असा सी भाषेचा दीर्घकाळचा नियम होता. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रमाणानें तो सैल केला. असो. मुख्य अडचण निराळी आहे. पंगत कोठें संपली, हें यजमानास दिसत नाहीं. शेवटच्या पाहुण्यापुढें तो आणखी एक पाऊल टाकील, तेथेंही विचारील, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याचा जो कांहीं शब्द कानीं पडेल तोच पाहुण्याचें उत्तर म्हणून लिहून घेईल. त्यांत त्याचा दोष नाहीं. त्यास संख्या कोणीं सांगितली नव्हती.

संख्येप्रमाणेंच जातीचेंही आहे. पुढें बसलेला पाहुणा कोण, हेंही यजमानास दिसत नाहीं. तो कोण असेल असें आपण सांगूं, तसेंच मानून तो त्याच्याशीं बोलतो. पूर्णांक दिलेला असतां 'दशांश संख्या आहे' असें सांगितलें, तर जें हातीं येईल त्यास कांहीं अर्थ राहत नाहीं. त्यांत आणखी एक खुबी आहे. या मोकळ्या जागीं दिलेलें एकेरी अक्षर किंवा लहान पूर्णांक आपोआप 'इंट' या जातीचा होतो, व 'फ्लोट' जातीची दशांश संख्या 'डबल' जातीची होते. म्हणून आपण फ्लोट दिला होता तेव्हां फ्लोटच मागूं, असें जो म्हणेल, त्याची मागणीही चुकीची ठरते. दिलें काय, पोंचलें काय, व मागितलें काय, या तिन्हींचा मेळ ज्यानें आपल्या मनांत घातला नाहीं, त्यानें तीन टिंबें वापरूं नयेत.

मेळ घालण्याचे मार्ग तीन आहेत. पहिला, पंगत बसण्यापूर्वीं 'पाहुणे सात आहेत' असें यजमानास सांगून ठेवणें. म्हणजे पहिली किंमत हीच पुढील किंमतींची संख्या. दुसरा, शेवटच्या पाहुण्यानें स्वतः 'माझ्यापुढें कोणी नाहीं' असें म्हणणें. युनिक्स प्रणालींत दुसरा प्रोग्राम सुरू करण्यासाठीं 'एक्झेकएल' नांवाचें जें फंक्शन आहे, त्यास अशी शेवटची खूण म्हणून एक रिक्त पत्ता द्यावाच लागतो. तो विसरला कीं यजमान पंगतीबाहेर पडलाच. तिसरा मार्ग प्रिंटएफचा. त्याची पहिली किंमत म्हणजे एक मजकूर, आणि त्यांत मधून मधून टक्क्याचें चिन्ह व त्यापुढें एक अक्षर असतें. 'डी' असेल तर पूर्णांक, 'एस' असेल तर शब्द, 'एफ' असेल तर दशांश संख्या. असें प्रत्येक चिन्ह म्हणजे एक वचन आहे कीं, पुढें या जातीची एक किंमत येत आहे. वचनें तीन व किंमती चार असतील, तर चौथीकडे दुर्लक्ष होतें, एवढ्यावर भागतें. परंतु वचनें तीन व किंमती दोन असतील, तर काय व्हावें हें भाषेच्या प्रमाणानें सांगितलेलेंच नाहीं. कधीं निरर्थक आंकडा छापला जाईल, कधीं प्रोग्राम मध्येंच कोसळेल. आणि सर्वांत वाईट म्हणजे कधीं खरें भासणारें खोटें उत्तर मिळेल. पहिल्या दोहोंनीं चूक उघडकीस तरी येते. तिसरें तिला पोटाशीं धरून बसतें.

हें सर्व पुस्तकी भय आहे, असें कोणास वाटण्याचा संभव आहे. म्हणून घडलेल्या दोन गोष्टी सांगतों. प्रिंटएफमध्यें टक्का व 'एन' अशी एक विलक्षण खूण आहे. ती कांहींच छापीत नाहीं. उलट आतांपर्यंत किती अक्षरें छापलीं गेलीं, तो आंकडा दिलेल्या पत्त्यावर संगणकाच्या स्मृतींत लिहून ठेवते. आतां एखाद्या आळशी लेखकानें परक्या माणसाकडून आलेला मजकूर 'हा शब्द छाप' असें न सांगतां प्रिंटएफची पहिली किंमत म्हणूनच देऊन टाकला, तर काय होईल? वचन देण्याचा अधिकारच परक्याच्या हातीं गेला! तो आपल्या मजकुरांत टक्क्याचीं चिन्हें पेरून यजमानास पंगतीबाहेर हवा तितका फिरवूं शकतो, तेथलें गुपित वाचूं शकतो, आणि 'एन'च्या खुणेनें तेथें लिहूंही शकतो. २००० सालीं इंटरनेटवर फाइलींची देवघेव करणाऱ्या 'वू-एफटीपीडी' या सर्व्हर-प्रोग्रामांत नेमका असाच दोष उघडकीस आला. त्याच्या आधारें दूर बसलेल्या परक्यास त्या यंत्राचा सर्वाधिकार मिळवितां येत असे. तेव्हांपासून या जातीच्या दोषांकडे सुरक्षिततेचे अभ्यासक गंभीरपणें पाहूं लागले.

दुसरी गोष्ट २०२१ च्या जून महिन्यांतील. कोणा एकानें आपल्या वाय-फायच्या जाळ्यास टक्क्याच्या अनेक चिन्हांनीं भरलेलें नांव दिलें, आणि त्या जाळ्यास जोडलेल्या आयफोनचें वाय-फायच बंद पडलें. फोन बंद करून पुन्हां सुरू केला तरी तें सुरळीत होईना, जाळ्यासंबंधींच्या साऱ्या नोंदी पुसून नव्यानें आरंभ करावा लागला. आलेलें नांव हें केवळ नांव म्हणून न घेतां छापण्याचा नमुना म्हणून घेतलें गेलें होतें. पुढच्याच महिन्यांत आलेल्या नव्या आवृत्तीनें तो दोष दूर केला. परंतु १९७० च्या दशकांतील एक सवलत, २००० सालीं दिसलेला तिचा धोका, आणि २०२१ सालीं खिशांतल्या यंत्रांत तीच चूक. हा क्रम विचार करण्याजोगा आहे. इतक्या जुन्या व इतक्या परिचित चुका पुन्हां कां होतात? आमच्या मतें त्यांचें एक कारण असें कीं, ज्या वयांत पहिला प्रिंटएफ लिहिला जातो, त्या वयांत तो पाठ करविला जातो, समजावून दिला जात नाहीं.

यावर दोन प्रकारचे आक्षेपक पुढें येतील. एक म्हणतील, मग असलीं फंक्शनें बंदच करा. त्यांचा पक्ष दुबळा नाहीं. मोटारगाड्यांत चालावयाच्या प्रोग्रामांसाठीं ब्रिटनमध्यें तयार झालेल्या 'मिस्रा सी' या नियमावलीच्या २०१२ च्या आवृत्तीनें सी भाषेंतील ही सर्व सोय वापरण्यास मनाई केली आहे. जेथें ब्रेक लागणें न लागणें प्रोग्रामावर अवलंबून आहे, तेथें ही मनाई योग्यच होय. परंतु शाळा म्हणजे धांवती मोटार नव्हे. मनाईनें अपघात टळतो, पण कारण समजत नाहीं. आणि कारण न समजलेला मुलगा उद्यां ज्या ठिकाणीं मनाई नाहीं, तेथें बेधडक शिरतो. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतील, सी भाषा जुनी झाली, नव्या भाषांत हा प्रश्नच उरलेला नाहीं. हेंही अर्धेंच खरें आहे. २००४ सालच्या जावाच्या पांचव्या आवृत्तींत तीच तीन टिंबें आलीं. परंतु त्यांच्याआधीं किंमतींची जात लिहावी लागते, टिंबें शेवटच्याच जागीं द्यावीं लागतात, आणि आलेल्या सर्व किंमती मोजलेल्या एका रांगेंत बांधून फंक्शनच्या हातीं पडतात. पायथनमध्यें नांवाआधीं एक तारांकन देतात, व मिळालेल्या किंमतींचा एक गट होतो, ज्याची लांबी केव्हांही विचारतां येते. म्हणजे येथें यजमानाच्या डोळ्यांवरची पट्टी काढलेली आहे. सी भाषेचे आजचे कंपायलरही प्रिंटएफमधील वचनें व किंमती यांचा मेळ पाहून सूचना देऊं शकतात. मात्र मजकूर प्रोग्राम चालू असतांना बाहेरून येणार असेल, तर त्याचा मेळ त्यांस आधीं कसा कळणार?

आणि डोळ्यांवरची पट्टी निघाली, म्हणून यजमानास शहाणपण आलें असें नव्हे. एक उदाहरण पाहा. गुणपत्रक तयार करणारें एक फंक्शन मुलानें लिहिलें, आणि विद्यार्थ्याचें नांव, हजेरी-क्रमांक व सर्व विषयांचे गुण एकाच मोकळ्या रांगेंत घेतले. पहिला मराठीचा, दुसरा इंग्रजीचा, तिसरा इतिहासाचा, चौथा भूगोलाचा, असें त्यानें मनांत ठरविलें. एके दिवशीं एक विद्यार्थी इतिहासाच्या परीक्षेस गैरहजर राहिला व तो आंकडा दिलाच गेला नाहीं. आतां भूगोलाचे गुण इतिहासाखालीं जाऊन बसले, आणि पुढचे सर्व विषय एकेक घर मागें सरकले. भाषा सुरक्षित, प्रोग्राम कोसळला नाहीं, कंपायलरानें चकार शब्द काढला नाहीं. आणि एका निरपराध मुलाचें गुणपत्रक खोटें झालें. येथें दोष भाषेचा नाहीं. जेथें प्रत्येक जागेस निराळा अर्थ होता, तेथें 'कितीही चालतील' असें म्हणावयासच नको होतें. उलट गुणांची नुसती सरासरी काढावयाची असती, तर तेंच मोकळें फंक्शन उत्तम ठरलें असतें. कारण सरासरीस कोणता गुण कोणत्या विषयाचा याच्याशीं कर्तव्य नसतें. मात्र तिलाही निदान एक आंकडा हवाच. शून्यानें भागण्याची पाळी तिच्यावर येऊं देऊं नये.

म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस आम्ही चार कसोट्या सुचवितों. पहिली, ज्या किंमती मोकळ्या रांगेंत घ्यावयाच्या, त्या सर्वांचें काम एकच आहे काय? नसेल, तर ज्यांचें काम निराळें त्यांस निराळें नांव द्यावें. पायथनमधील 'प्रिंट'नें हेंच केलें आहे. छापावयाच्या वस्तु कितीही, परंतु त्यांच्यामध्यें काय घालावें व शेवटीं काय लिहावें हें मात्र नांव घेऊनच सांगावें लागतें. दुसरी, एकही किंमत दिली नाहीं तर काय उत्तर यावें? याचें उत्तर सुचत नसेल, तर पहिली किंमत सक्तीची करावी. तिसरी, कोठें थांबावयाचें हें फंक्शनला कसें कळणार? चौथी, या सर्व किंमती एकाच यादींत घालून ती यादीच दिली, तर काम अधिक सरळ होणार नाहीं काय? पायथनमधील 'सम' हें बेरजेचें फंक्शन सुट्या संख्या न घेतां एक यादीच मागतें, आणि त्यांत कोणाचें कांहीं अडत नाहीं. या चारींतून जें काम पार पडेल, तेथें तीन टिंबें किंवा तारांकन खुशाल वापरावें. आणि परक्याचा मजकूर नमुना म्हणून कधींही वापरूं नये. हा नियम कसोटीच्या पलीकडचा आहे, त्यास अपवाद नाहीं.

पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलानें आज किती प्रोग्राम लिहिले, असें त्यास विचारूं नये. त्या प्रश्नानें बोटांचीच परीक्षा होते. त्याऐवजीं त्याच्या शेजारीं बसून विचारावें, 'बाळ, यास कांहींच दिलें नाहीं तर हें काय करील? जास्त दिलें तर? भलतेंच दिलें तर?' हे प्रश्न विचारण्यास संगणकाचें ज्ञान लागत नाहीं. बाजारांतून आणलेल्या जिनसांचा हिशेब ज्यानें एकदां तरी पडताळून पाहिला आहे, त्यास ते सहज विचारतां येतील. मुलगा उत्तर देतांना अडखळला, तर तेथेंच त्याचा खरा अभ्यास सुरू होतो. या विद्येनें बुद्धीस वळण लागतें कीं बोटांस सवय, या शंकेचें उत्तर आम्हांस या प्रश्नांतच दिसतें. प्रश्न विचारला गेला तर वळण लागतें, न विचारला गेला तर नुसती सवय उरते.

पांच भाकरींची कथा आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकतों. त्या दिवशीं जमलेल्या समुदायांत कोणासही 'तूं जास्तीचा आहेस' असें म्हणून परत पाठविलें गेलें नाहीं. दार सर्वांस मोकळें होतें. तरीही वाटप होण्यापूर्वीं लोकांस हिरवळीवर पन्नासांच्या व शंभरांच्या ओळी करून बसविण्यांत आलें, आणि शेवटीं उरलेल्या तुकड्यांच्या टोपल्याही मोजण्यांत आल्या. हृदय मोठें असणें व हिशेब चोख असणें या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्यानें मोजण्याची तयारी केली आहे, त्यानेंच 'कितीही या' असें म्हणावें, आणि आमच्या शाळेंतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलींस हें म्हणण्याची व निभावण्याची योग्यता यावी, एवढीच आमची इच्छा आहे.